पुण्याच्या क्लासआधी चुकलेल्या उत्तरांकडे पाहा

वाचकाचे पत्र, थोडक्यात: पलूस तालुक्यातील हे वाचक 24 वर्षांचे कृषी पदवीधर आहेत. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. सध्या ते सांगलीतील एका कृषी सेवा केंद्रात नोकरी करतात आणि रोज एसटीने जाऊन-येऊन असतात. घरी ऊस आणि हळदीची शेती आहे. मृदाशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी परदेशातील एका विद्यापीठाने त्यांना सशर्त प्रवेश देऊ केला आहे. अट अशी, की आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात एकूण 6.5 बँड (म्हणजे 9 पैकी गुण) हवा आणि कोणत्याही विभागात 6 पेक्षा कमी नको. गेल्या महिन्यात संगणकावर दिलेल्या परीक्षेत त्यांना ऐकण्यात 6.5, लेखनात 6, बोलण्यात 6 आणि वाचनात 5.5 मिळाले, एकूण 6. परीक्षेआधी तीन महिने रोज रात्री एक सराव चाचणी सोडवूनही वाचनातील बरोबर उत्तरे 20 ते 22 च्या पुढे गेली नाहीत. शब्दांच्या याद्या पाठ झाल्या, ‘उतारा वाचत बसू नका, थेट उत्तर शोधा’ हा क्लासमधला सल्लाही पाळून झाला. विशेष म्हणजे शेतीवरच्या उताऱ्यातच सर्वाधिक चुका होतात. मामा म्हणतात, नोकरी सोडून दोन महिने पुण्यात राहा आणि मोठा क्लास लाव. वाचक विचारतात: ‘वाचनाची गती कशी वाढवावी? पुण्याला जावे, की मराठी माध्यमातल्या मुलाने हा नाद सोडून द्यावा?’

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातील गुणांवरून तुम्ही जो निष्कर्ष काढला आहे, तो मला त्या गुणांत दिसत नाही. मराठी माध्यमामुळे इंग्रजी कच्चे राहिले आणि म्हणून वाचनात मागे पडलो, असे तुम्ही लिहिता. परंतु ज्या विभागात ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवले जाते, मागे जाऊन पुन्हा ऐकण्याची सोय नसते, त्या विभागात तुम्हाला 6.5 मिळाले आहेत. आणि ज्या विभागात मजकूर साठ मिनिटे डोळ्यांसमोर असतो, त्यात 5.5. भाषाच कच्ची असती, तर हे आकडे उलटे दिसले असते. शिवाय कृषी पदवीची चार वर्षे तुम्ही मृदाशास्त्राची आणि वनस्पतिशास्त्राची पुस्तके इंग्रजीतूनच वाचली आहेत. तेव्हा माध्यमाचा मुद्दा आपण बाजूला ठेवू. आपल्या भागातील पुष्कळ हुशार मुले प्रत्येक अडचणीचे खापर त्या एका गोष्टीवर फोडून मोकळी होतात आणि मग खरे कारण शोधायचे राहून जाते.

आता तुम्हाला नेमके किती हवे आहे, ते पाहू. चार विभागांच्या सरासरीत पाव आला, तर तो वरच्या अर्ध्या बँडपर्यंत नेला जातो. इतर तीन विभागांत आहेत तेवढेच गुण राहिले आणि वाचनात 6.5 मिळाले, तर सरासरी 6.25 येते आणि ती 6.5 धरली जाते. आयोजकांनी प्रसिद्ध केलेल्या सरासरी प्रमाणानुसार ॲकॅडमिक वाचनात 40 पैकी साधारण 23 उत्तरे बरोबर आली की 6 बँड आणि 30 आली की 7 बँड मिळतो. प्रश्नपत्रिकेच्या काठिण्यानुसार यात थोडा फरक पडतो. म्हणजे तुम्हाला 27 च्या आसपास पोहोचायचे आहे, आजच्यापेक्षा पाच-सहा उत्तरे अधिक. ‘इंग्रजी सुधारायचे आहे’ असे म्हटले की काम डोंगराएवढे वाटते. पाच-सहा उत्तरे कुठे गळतात ते शोधायचे आहे, असे म्हटले की त्याला हात घालता येतो.

ती कुठे गळतात, हे तुमच्या पत्रावरून मला कळत नाही आणि माझा अंदाज आहे की तुम्हालाही नेमके सांगता येणार नाही. तीन महिन्यांत तुम्ही ढीगभर चाचण्या सोडवल्या, पण चुकलेल्या उत्तरांविषयी पत्रात एकच वाक्य आहे, तेही शेतीच्या उताऱ्याविषयी. रात्री नऊला घरी येऊन, जेवून, तासभर चाचणी सोडवायची, उत्तरसूचीशी ताडून गुण मोजायचे आणि निराश होऊन झोपायचे, असा तुमचा क्रम दिसतो. या क्रमात मोजणे रोज होते, शिकणे कधीच होत नाही. हळदीचे पोते रोज काट्यावर चढवले, म्हणून त्यातली हळद वाढत नाही.

म्हणून पहिली सूचना अशी, की पुढचे दोन आठवडे नवी चाचणी अजिबात सोडवू नका. सोडवून झालेल्या चाचण्यांपैकी शेवटच्या काही घ्या, घड्याळ बाजूला ठेवा आणि प्रत्येक चुकलेल्या प्रश्नाचे बरोबर उत्तर उताऱ्यातील कोणत्या वाक्यावरून निघते, ते वाक्य शोधून त्याखाली रेघ ओढा. वाक्य सापडेपर्यंत पुढच्या प्रश्नाकडे जायचे नाही, मग एका प्रश्नाला पंधरा मिनिटे लागली तरी चालतील. त्यानंतर वहीत एका ओळीत मराठीतच लिहा, की आपण का चुकलो: त्या जागेपर्यंत पोहोचलोच नाही, पोहोचलो पण वाक्याचा अर्थ उलटा लावला, उताऱ्यात नसलेली गोष्ट स्वतःच्या माहितीतून घातली, शब्दमर्यादा ओलांडली, स्पेलिंग चुकले, की वेळच उरला नाही. तीन-चार चाचण्यांचे असे परीक्षण झाले, की तुमच्या चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नाहीत, त्या दोन-तीन जागी साचलेल्या आहेत, असे दिसेल. बहुतेकांच्या बाबतीत असेच असते. आणि त्या जागा प्रत्येकाच्या वेगळ्या असल्यामुळेच शंभर जणांच्या क्लासमध्ये दिलेला एक सल्ला शंभर जणांना लागू पडत नाही.

शेतीच्या उताऱ्यात तुमच्या सर्वाधिक चुका होतात, हे मात्र मला या पत्रातले सर्वात उपयोगी वाक्य वाटले. त्याचे कारण दाखवण्यासाठी मी एक छोटा उतारा मराठीतच रचतो. तो केवळ उदाहरणापुरता आहे. तुम्ही हळदवाल्यांच्या घरातले असल्याने विषय मुद्दाम तुमच्या अंगणातला घेतला आहे. ‘हरिपूरच्या परिसरात जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद अनेक वर्षे कीड न लागता टिकत असे. 2005 च्या महापुरात थोडी पेवे वगळता बाकी सर्वांत पाणी शिरले. त्यानंतर व्यापारी हळूहळू गोदामांकडे वळले.’

आता यावरची तीन विधाने पाहा आणि प्रत्येकापुढे ट्रू (खरे), फॉल्स (खोटे) किंवा नॉट गिव्हन (उताऱ्यात सांगितलेले नाही) यांपैकी एक लिहा. पहिले विधान: पुरानंतर हळद साठवण्याच्या पद्धतीत बदल झाला. दुसरे: 2005 च्या पुरातून एकही पेव सुटले नाही. तिसरे: पेवात हळद ठेवण्यापेक्षा गोदामात ठेवणे महाग पडते.

पहिले ट्रू आहे, कारण ‘गोदामांकडे वळले’ याचाच तो वेगळ्या शब्दांत सांगितलेला अर्थ आहे. दुसरे फॉल्स आहे. ‘थोडी पेवे वगळता’ हे तीन छोटे शब्द त्या विधानाला सरळ खोटे पाडतात. घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून नेमके असेच शब्द निसटतात. इंग्रजीत ‘मोस्ट’, ‘सम’, ‘मे’, ‘ओन्ली’, ‘रेअरली’ हे शब्द दिसायला किरकोळ असतात, पण निम्मे प्रश्न त्यांच्यावरच बेतलेले असतात, असे मी म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. तिसऱ्या विधानाला मात्र तुम्ही ट्रू लिहिले असेल, अशी मला शंका आहे. गोदामाचे भाडे किती, हमाली किती, हे तुम्हाला घरच्या व्यवहारातून ठाऊक असणार. परंतु उताऱ्यात खर्चाविषयी अवाक्षर नाही, म्हणून उत्तर नॉट गिव्हन. विधान खरे असू शकते; परीक्षक ते खरे आहे का असे विचारत नाही, या उताऱ्याच्या लेखकाने ते सांगितले आहे का, एवढेच विचारतो. पुरातत्त्वावरचा उतारा असला, की तुमच्याजवळ स्वतःची माहिती नसते, म्हणून तुम्ही निमूटपणे मजकुराला धरून राहता. शेतीवरचा उतारा आला, की तुमच्यातला कृषी पदवीधर जागा होतो आणि लेखकाच्या आधी स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

यावर एक साधी शिस्त आहे. ट्रू किंवा फॉल्स लिहिताना उताऱ्यातील एका ठरावीक वाक्यावर बोट ठेवता आलेच पाहिजे. विधान खरे आहे असे सांगणारे वाक्य दाखवता आले तर ट्रू, विधान खोटे पाडणारे वाक्य दाखवता आले तर फॉल्स, आणि त्या विषयाच्या जागी पोहोचूनही दोन्हींपैकी काहीच दाखवता आले नाही, तर नॉट गिव्हन. ‘यस, नो, नॉट गिव्हन’ या प्रकारातही हेच, फक्त तिथे वस्तुस्थितीऐवजी लेखकाचे मत तपासायचे असते. या दोन्ही प्रकारांत उत्तरे उताऱ्याच्या क्रमानेच येतात, त्यामुळे चौथ्या आणि सहाव्या प्रश्नाच्या जागा सापडल्या, की पाचव्याची जागा त्यांच्या मध्येच शोधायची. ती तिथे नसेल, तर सगळा उतारा उपसत बसू नका.

आता ‘उतारा वाचूच नका’ या सल्ल्याविषयी. तो देणाऱ्यांचा हेतू वेळ वाचवण्याचा असतो, हे मान्य. पण हिशोब करून पाहा. तिन्ही उताऱ्यांचे मिळून शब्द साधारण 2,150 ते 2,750 असतात. मिनिटाला 130 शब्द अशा बेताच्या गतीने सगळा मजकूर एकदा वाचला, तरी जास्तीत जास्त 21 मिनिटे लागतात. 40 प्रश्नांसाठी उरलेली जवळपास 40 मिनिटे हाती राहतातच, आणि कोणत्या परिच्छेदात काय आहे हे आता माहीत असल्यामुळे शोधाशोध निम्मी होते. न वाचता थेट प्रश्नाकडे जाणारा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नासाठी उतारा वरपासून खालपर्यंत चाळतो, आणि बेरीज केली तर तोच अधिक वाचतो, तेही तुकड्यातुकड्यांनी. वर्षे, नावे, आकडे शोधायला नजर फिरवण्याचे कौशल्य लागतेच, त्याला माझा विरोध नाही. मात्र परिच्छेदाला योग्य हेडिंग निवडा, हा प्रकार परिच्छेदाचा आशय कळल्याशिवाय सुटत नाही. पहिल्या वाक्यातला एखादा शब्द हेडिंगमध्ये दिसला म्हणून ते निवडणाऱ्यांसाठीच तिथे सापळा लावलेला असतो. कोणती माहिती कोणत्या परिच्छेदात आहे, हा प्रश्नप्रकार क्रमाने येत नाही, म्हणून तो त्या उताऱ्याचे बाकीचे प्रश्न सोडवून झाल्यावर घ्या. तोवर उतारा ओळखीचा झालेला असतो.

गती वाढवण्याविषयी तुम्ही विचारले आहे. माझ्या मते, तुमची अडचण डोळ्यांच्या गतीची कमी आणि लांब वाक्यांच्या बांधणीची अधिक असावी. एक वाक्य घेऊ: ‘द फार्मर्स हूज फील्ड्स लाय क्लोज टु द रिव्हर, विच फ्लड्स इन मोस्ट इयर्स, हॅव बीन स्लो टु ॲडॉप्ट द मेथड.’ यातला एकही शब्द तुम्हाला अवघड नाही. तरीही मराठीत आपण ‘ज्यांची शेते नदीकाठी आहेत ते शेतकरी’ असे आधी सांगून मग मूळ गोष्टीकडे वळतो, तर इंग्रजीत कर्ता सुरुवातीला येतो, मध्ये नदी आणि पूर घुसतात आणि क्रियापद येईपर्यंत कर्ता डोक्यातून निघून गेलेला असतो. मग मनात उरतात ते शेतकरी, पूर आणि पद्धत हे तीन सुटे शब्द, आणि आपण त्यांची गोष्ट आपल्या मनाने जुळवतो: पुरामुळे शेतकऱ्यांनी पद्धत नाकारली. वाक्य तसे म्हणत नाही. त्यांनी ती स्वीकारायला वेळ लावला, एवढेच ते म्हणते, आणि पुरामुळे वेळ लावला, असेही म्हणत नाही.

यासाठी रोज एकच परिच्छेद पुरेसा आहे. त्यातील प्रत्येक लांब वाक्यात मुख्य कर्ता आणि मुख्य क्रियापद यांना गोल करा, मधला मजकूर कंसात टाका, आणि परिच्छेद संपल्यावर समासात त्याचा आशय एका मराठी वाक्यात लिहा. हो, मराठीतच. इंग्रजी वाचताना इंग्रजीतच विचार करा, असे जे सांगितले जाते, ते या टप्प्यावर मला तितकेसे पटत नाही. मराठीत एका वाक्यात सांगता आले नाही, तर आपल्याला कळले नव्हते, हे जागच्या जागी उघडे पडते. इंग्रजीत लिहायला बसलात, तर उताऱ्यातलेच शब्द उचलून न कळलेलेही झाकता येते. महिनाभराने ही समासातली वाक्ये लिहिण्याची गरज आपोआप कमी होईल.

शब्दांच्या याद्या आता मिटून ठेवा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात जसाच्या तसा क्वचितच येतो. प्रश्नात ‘अफोर्डेबल’ असेल, तर उताऱ्यात ‘विदिन द मीन्स ऑफ स्मॉल ग्रोअर्स’ असे काही असते. त्यामुळे सुटे शब्द आणि त्यांचे अर्थ यांपेक्षा अशा जोड्या अधिक उपयोगी पडतात. चुकांच्या वहीतच एका पानावर प्रश्नातला शब्दप्रयोग आणि त्याच्यासमोर उताऱ्यातला शब्दप्रयोग लिहीत जा. याद्या बाजारात मिळतात, ही जोड्यांची वही मात्र ज्याची त्याला करावी लागते. रिकाम्या जागा भरताना ‘नो मोअर दॅन टू वर्ड्स’ अशी मर्यादा असेल, तर तिसरा शब्द लिहिला की बरोबर उत्तरही चूक ठरते, आणि शब्द उताऱ्यातूनच उचलायचा असल्याने त्याचे स्पेलिंग चुकण्याला काही कारण नाही. इथे एखाद-दुसरा गुण विनाकारण जात असेल, तर तो सर्वात आधी वाचवा.

दिवसाच्या वेळेचाही विचार करा. दुकानात दिवसभर उभे राहून, एसटीचा प्रवास करून आल्यावर रात्री नऊनंतर मन लावून इंग्रजी वाचणे कोणालाही जड जाईल. तुमचे 20-22 गुण काही अंशी त्या थकव्याचेही असू शकतात. पहाटे कामावर निघण्यापूर्वीचा पाऊण तास एका उताऱ्यासाठी ठेवा. एसटीत चाचणी सोडवू नका. तिथे आपल्या आवडीचे लांबट लेख वाचा. मृदा, पाणी, हवामान यांवर सर्वसाधारण वाचकांसाठी लिहिलेले इंग्रजी लेख तुम्हाला एम.एस्सी.लाही लागणारच आहेत. परीक्षेतले उतारेही विषयतज्ज्ञांसाठी नसतात, ते पुस्तके, नियतकालिके आणि वृत्तपत्रांतून सर्वसाधारण सुशिक्षित वाचकासाठी निवडलेले असतात. तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी सकाळी एक संपूर्ण चाचणी, साठ मिनिटे लावून आणि संगणकाच्या पडद्यावर, कारण तुमची परीक्षा पडद्यावर आहे. आयोजकांच्या संकेतस्थळांवर नमुना चाचण्या मोफत आहेत आणि केंब्रिजने छापलेले जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच विश्वासार्ह आहेत. फॉरवर्ड होत आलेल्या पीडीएफमधील उत्तरसूच्यांवर विसंबू नका. सोमवार ते शनिवार त्या एका चाचणीतील चुका पुरतील.

चाचणीत तिन्ही उताऱ्यांना वीस-वीस मिनिटे, अशी वाटणी करू नका. उतारे सहसा चढत्या काठिण्याचे असतात, म्हणून पहिला सोळा-सतरा मिनिटांत हातावेगळा करा आणि वाचलेला वेळ तिसऱ्याला द्या. एका प्रश्नावर दीड मिनिटापेक्षा जास्त अडलात, तर अंदाजाने उत्तर भरून, खूण करून पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे एकही जागा कोरी ठेवणे परवडणारे नाही.

राहिला पुण्याचा प्रश्न. मामांची कळकळ समजते, पण चार विभागांपैकी वाचन हाच असा विभाग आहे, ज्यात बरोबर-चूक ठरवायला दुसऱ्या माणसाची सर्वात कमी गरज लागते. उत्तर आणि त्याचा पुरावा दोन्ही तुमच्या समोरच्या पानावर असतात. त्यासाठी नोकरी सोडून, खोलीचे भाडे, खानावळ आणि फी असा खर्च करणे मला योग्य वाटत नाही. काही पैसे खर्च करायचेच असतील, तर लेखनावर करा. तिथे तुम्ही बरोबर 6 वर, म्हणजे अटीच्या काठावर उभे आहात, आणि स्वतःचा निबंध स्वतः तपासणे खरोखरच अवघड असते. सांगली-मिरजेत आठवड्याला दोन निबंध काटेकोरपणे तपासून देणारे कोणी अनुभवी प्राध्यापक मिळाले, तर तेवढे पुरे. घरी बसून ज्यांचा अभ्यास होतच नाही, ज्यांना कोणीतरी वेळ लावून द्यावी लागते, अशा वाचकांची गोष्ट वेगळी. त्यांनी क्लास जरूर लावावा. तुम्ही तीन महिने रोज रात्री न चुकता बसलात, तेव्हा तुम्ही त्यांच्यापैकी नाही.

एक पर्याय तुमच्या पत्रात आलेला नाही. संगणकावर परीक्षा दिलेल्यांना मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत चारपैकी एकाच विभागाची परीक्षा पुन्हा देता येते. तुम्हाला फक्त वाचनातच गुण हवे असल्याने हा पर्याय तुमच्यासाठीच केल्यासारखा वाटेल. परंतु ही सोय प्रत्येक केंद्रावर असतेच असे नाही आणि असा निकाल सर्व विद्यापीठे स्वीकारत नाहीत. शिवाय तुमचा एक महिना आधीच गेला आहे. विद्यापीठाने होकार दिला आणि घड्याळ लावून घेतलेल्या सलग दोन रविवारच्या चाचण्यांत 27 पार झाले, तरच या मार्गाने जा. 24-25 वर असाल, तर मुदत गाठण्यासाठी घाई करून आणखी एकदा फी भरण्यात अर्थ नाही, दोन महिन्यांनी पूर्ण परीक्षा द्या. 6.5 गाठता आलेच नाहीत, तर काही विद्यापीठे प्रवेशाआधीचा इंग्रजीचा पूरक अभ्यासक्रम घेऊन प्रवेश देतात. त्याचा खर्च मात्र परदेशातल्या दराने असतो, म्हणून तो शेवटचा पर्याय समजा.

तेव्हा विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला याच आठवड्यात एक ई-मेल पाठवा आणि तीन गोष्टी विचारा: एकाच विभागाची पुन्हा दिलेली परीक्षा चालेल का, सशर्त प्रवेशासाठी निकाल सादर करण्याची शेवटची तारीख कोणती, आणि गरज पडल्यास हा प्रवेश पुढच्या सत्रासाठी राखून ठेवता येईल का. उत्तर येईपर्यंत नव्या परीक्षेची तारीख घेऊ नका आणि दुकानातल्या नोकरीचा राजीनामाही देऊ नका.